म्होरं पळणारा आकडा

१

बिबवेवाडीत माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. पाटीवर 'मच्छिंद्र कॉम्प्युटर्स' लिहिलंय आणि त्याच्या खाली, 'काउंटरवर उभे राहून उपाय सुचवू नयेत.' दुसरी ओळ माझ्या बायकोला, ललिताला, आवडत नाही. दाराशी एक फळा टांगलाय. दुकान बंद ठेवायचं असलं की मी त्यावर आदल्या दिवशी लिहितो, आणि कारणासकट लिहितो, म्हणजे लोक फोन करून डोकं खात नाहीत. आमच्या भागात गुरुवारी दुरुस्तीसाठी दिवसभर वीज जाते. तेव्हाचा मजकूर ठरलेला: 'गुरुवारी दुकान बंद. कारण, वीज नाही. ती का नाही हे आम्हालाही माहीत नाही.'

उन्हाळा लागला की गिऱ्हाईकं मशीन काखोटीला मारून येतात. "तापतंय हो!" कुठल्यातरी भाच्याने प्रोसेसरचं तापमान दाखवणारा प्रोग्राम टाकून दिलेला असतो आणि त्या दिवसापासून माणसाची झोप उडालेली असते. मी सगळ्यांना एकच सांगायचो. प्रोसेसरमधला सेन्सर म्हणजे लग्न जमवणारा मध्यस्थ. थोडं वाढवून सांगणार, थोडं लपवणार. त्याच्यावर विसंबू नका, बोट लावून बघा. चटका बसला तर तापलंय, नाही बसला तर घरी जाऊन चहा प्या.

एक गोष्ट मात्र पक्की असते. चालू मशीनचा प्रोसेसर खोलीतल्या हवेपेक्षा गरमच असणार. हवेएवढा गार होतो तो फक्त बंद मशीनचा. खोलीत पस्तीस अंश असतील आणि चालू मशीनही पस्तीसच दाखवत असेल, तर सेन्सर थापा मारतोय, विषय संपला.

हे मी इतक्या लोकांना इतक्या तोऱ्यात ऐकवलंय की आता आठवलं तरी लाज वाटते.

२

धायरीच्या हिंमतरावांना मशीन मीच जोडून दिलं होतं. जुने शेतकरी. आजूबाजूच्या त्यांच्या रानात आता बारा-बारा मजली इमारती आहेत, मध्ये त्यांचं बैठं घर तेवढं राहिलंय. त्यांची बायको मुक्ताबाई. तिला लकवा मारला, उजवं अंग गेलं, वाचाही गेली. तिची खाट बाहेरच्या खोलीत हलवली आणि समोर टेबलावर हा मोठा पडदा लावला. कोथरूडला राहणारी मुलगी चैताली त्यावर दिसायची. उरलेल्या वेळात कीर्तन. त्या बाईचं सगळं जग त्या पडद्यात होतं, आणि तो चालू ठेवायचं काम माझं होतं.

एका दुपारी हिंमतरावांचा फोन आला.

"इंजिनियर, आवो मशीन बोंबलतंय! मुक्ता घाबरलीया."

मी काही इंजिनियर नाही, पण काकांनी माझं बारसं तसंच केलेलं. स्कूटर काढून गेलो. मशीन खरंच पीं पीं करत होतं. प्रोसेसर ऐंशीच्या वर, आणि चालू काय, तर एक कीर्तन. झाकण काढून बोट लावलं. कोमट.

"बोंबलायला काय झालं रे तुला?" मी मशीनला म्हणालो. मुक्ताकाकूंच्या डाव्या गालावर हसू आलं. तेवढ्याच गालाला ते यायचं.

पंखा पुसला, प्रोसेसरवरचा लेप खरवडून नवा लावला. टेबलाखाली दिव्या-पंख्यापुरता इन्व्हर्टर होता, त्याच्यामागची जळमटंही काढली. आकडा ऐंशीवरच. मग अर्ध्या तासाने आपोआप उतरला.

निघताना मी खोलीकडे सहज बघितलं. टेबल रस्त्याच्या दाराला लागून, खाट आतल्या भिंतीला, आणि खाटेपलीकडे आत जायचं अरुंद दार. जुन्या घराची सागवानी चौकट, माणूस तिरपा होऊन जाईल एवढी. तेव्हा ते दार मी फक्त बघितलं होतं.

३

पुढच्या बुधवारी पुन्हा फोन. आता उलटं गाऱ्हाणं. आकडा खाली पडला होता.

मी दुकानातूनच त्यांच्या मशीनमध्ये शिरलो. दुरून बघायची सोय मी सगळ्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकांकडे करून ठेवतो. आकडा चौतीस. काकांना भिंतीवरच्या तापमापकातलं तापमान विचारलं तर तेही चौतीस. कीर्तन चालू, पंखा फिरतोय, आणि प्रोसेसर हवेएवढा गार. म्हणजे थापा. जाऊन बोर्डावरचा छोटा सेल बदलला, आतली प्रणाली नवी करून दिली. गुरुवारी तिकडेही वीज नसते, शुक्रवारी सगळं ठीक होतं. त्याच्या पुढच्या बुधवारी सकाळी, दुकान उघडतोय तोच, पुन्हा चौतीस.

"काका, सेन्सर गेलाय. बाकी मशीन खडखडीत आहे. आकडा बघायचं सोडा."

हिंमतराव जरा लाजतच बोलले.

"इंजिनियर, हसू नगा. मला वाटतं आकडा म्होरं पळतोय."

"म्हणजे?"

"पयल्या दिशी बोंबललं न्हाय का? तवा तुमी हात लावला तर गार हुतं. दुसऱ्या दिशी त्याच टायमाला चैतालीची पोरं आली. दुपारभर मारामारीचा गेम खेळली. तवा मशीन असं तापलं की हात ठिववना. जे उद्या व्हायचं, ते ह्यो आज बोलतो."

"वा! मग त्याला उद्याचा कांद्याचा भाव विचारा की. दोघं मिळून गाळा घेऊ मार्केट यार्डात."

काका हसले. चांगल्या मनाचा माणूस, आपल्यावरचा विनोदही ऐकून घ्यायचा. मीही हसलो आणि फोन ठेवला. मग उगाचच दुकानातल्या दोन मशीनचे आकडे तपासले. ते अगदी हवे तसे होते. मला बरं वाटलं, आणि बरं का वाटावं हे कळलं नाही.

४

सोमवारी दुपारी काकांनी व्हिडिओ कॉल केला. मोठ्या पडद्यावरच्या कॅमेऱ्यातून. मागे तीच पीं पीं, पण आता न थांबणारी.

मी आकडा उघडला. नव्वद. बघता बघता शंभर. एकशेदहा. बोट लावून बघा म्हटलं तर काका म्हणाले, "कोमट हाय." एकशेवीसच्या पुढे आकडाच नाहीसा झाला आणि जागेवर नुसती आडवी रेघ राहिली.

आता यात घाबरण्यासारखं काही नव्हतं, उलट सुटल्यासारखं होतं. एवढ्या तापमानाला मशीन स्वतःच्या जिवासाठी आपोआप बंद पडतं. हे पडलं नव्हतं, त्याच मशीनवरून आम्ही बोलत होतो. म्हणजे आकडा खोटा. माझ्या तर्कात कुठेही खोट नव्हती. अजूनही काढता येत नाही.

"मी हिला आत हलवतो," काका म्हणाले. "पर खाट त्या दारातनं जात न्हाय. चौकट काढावी लागंल. चार पोरं बोलावतो आत्ताच. न्हायतर चैतालीकडं न्हेतो."

"काका, एका आकड्यापायी घराची चौकट उचकटता? लोक काय म्हणतील?"

त्यांच्या खांद्यामागे खाट दिसत होती. मशीन बोंबललं की मुक्ताकाकू पडद्याकडे बघायच्या. आज बघत नव्हत्या. त्यांची नजर टेबलाच्या खालून निघाली आणि भिंतीवरून हळूहळू वर सरकत गेली. पार आढ्यापर्यंत. तिथून ती त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर आली. मग त्यांनी डाव्या हाताने पदर चाचपला आणि नाकातोंडावर घट्ट दाबून धरला.

भिंतीवर काही नव्हतं. मी नीट बघितलं, आढ्यापर्यंत पांढरी भिंत होती.

"काकू काय करतायत?" मी विचारलं.

काकांनी वळून बघितलं. "उदबत्तीचा धूर लागला आसंल," ते म्हणाले. मग इकडेतिकडे बघून पुटपुटले, "पर उदबत्ती लावली कवा?"

मला त्या पीं पींचा वैताग आला होता. समोर दोन गिऱ्हाईकं ताटकळत उभी होती. मी दुरूनच इशाऱ्याचा आवाज बंद केला. आणि म्हाताऱ्याला चैन पडावं म्हणून दिसणाऱ्या आकड्यात दुरुस्ती करून टाकली. आत काहीही असो, बाहेर पंचेचाळीसच दिसणार. हे आम्ही सगळेच करतो. गिऱ्हाइकाला हवा तो आकडा दिला की गिऱ्हाईक झोपतं.

"बघा, आला ना खाली? आता निवांत राहा."

"नक्की ना, इंजिनियर? तुमी म्हनत आसाल तर चौकटीचं ऱ्हाऊ दे."

"मी सांगतोय ना काका!"

५

मंगळवारी सकाळी मी काकांच्या मशीनमध्ये डोकावलो. वरची दुरुस्ती बाजूला सारून आतला खरा आकडा काढला. तो हवेएवढा होता. एकसारखा, गार, न हलणारा. सोमवारच्या त्या तमाशानंतर हे बघून मी खूश झालो. हवेएवढा आकडा म्हणजे थाप, हे मीच जगाला शिकवत आलो, पण त्या सकाळी मला तो फक्त शांत दिसला. काकांना निरोप पाठवला, 'सुधारलं बघा.' सोबत अंगठा.

दुपारी संपर्क तुटला. मला वाटलं, इंटरनेट गेलं असेल.

चैतालीचा फोन तासाभराने आला. ती रडत नव्हती, वाचून दाखवल्यासारखी सांगत होती.

आग टेबलाखाली लागली. कुणी इन्व्हर्टर म्हणालं, कुणी वायर म्हणालं, नक्की कुणालाच सांगता आलं नाही. हिंमतराव कोपऱ्यावरच्या दुकानात औषध आणायला गेले होते. एरवी ते काकूंना एकटं सोडत नसत, शेजारणीला बसवून जात. त्या दिवशी मशीन शांत होतं, आकडा पंचेचाळीस होता, आणि मी निवांत राहा म्हटलं होतं. रस्त्याच्या दारात जाळ होता, म्हणून शेजारची माणसं मागून स्वयंपाकघरातून आत शिरली. त्यांनी काकूंना खाटेसकट आत ओढलं. खाट चौकटीत अडकली. पुढेही येईना आणि मागेही जाईना. मग त्यांनी काकूंना उचलून घेतलं, पण तोवर धूर फार झाला होता.

"आईने पदर तोंडावर धरलेला होता," चैताली म्हणाली. "घट्ट. शेवटपर्यंत सोडला नव्हता."

सोमवारी या वेळी मी तो पदर बघितला होता.

६

तेरावं झाल्यावर चैताली जळालेलं मशीन घेऊन दुकानात आली. "यात आईचे व्हिडिओ होते," ती म्हणाली. "ते तरी नीट बघा, मच्छिंद्रकाका." त्या 'तरी'सकट मी डबा काउंटरवर ठेवून घेतला.

व्हिडिओ निघाले नाहीत. वितळलेल्या डब्यात धड राहिला होता तो फक्त प्रोसेसर. वरच्या जाड धातूच्या ठोकळ्याने त्याला वाचवलं होतं. मी तो पुसला आणि माझ्या दुकानातल्या जादाच्या मशीनमध्ये बसवला. कशाला? खरं सांगतो, मला तो सेन्सर खोटा ठरवायचा होता. तो नवीन बोर्डावरही वेडंवाकडं बरळला असता, तर माझं चुकलं नव्हतं. काकू गेल्याच असत्या, पण माझं चुकलं नव्हतं. एवढ्यासाठी माझी धडपड होती.

सोमवार, मंगळवार आकडा व्यवस्थित राहिला. बुधवारी सकाळी दुकान उघडलं, थोड्या वेळात आकडा झपकन उतरला. खोलीत चौतीस, आकडा चौतीस. बोट लावलं तर चांगलाच गरम.

"आला का लेका वळणावर," मी म्हणालो. आता मला हसायला हरकत नव्हती. संध्याकाळी फळ्यावर नेहमीचं लिहिलं आणि घरी गेलो.

गुरुवारी दुकान बंदच होतं, तरी मी जाऊन आत बसलो. दहाच्या सुमाराला वीज गेली. पंखा थांबला. शेजारच्या पिठाच्या गिरणीचा आवाज बसत बसत बंद झाला. समोर ते मशीन काळं पडलं, आणि त्याच्या आतला धातू आकसताना टिक, टिक, टिक असा आवाज येत राहिला. मी त्याच्याकडे बघत होतो. ते आता हळूहळू हवेएवढं गार होणार होतं. दिवसभर तसंच राहणार होतं.

काल दिवसभर ते जसं दाखवत होतं, अगदी तसं.

धायरीतही बुधवारीच आकडा पडायचा. मी सेल बदलला, प्रणाली बदलली, लेप बदलला. एवढा शहाणा मी, दर आठवड्याला स्वतःच्या हाताने फळ्यावर गुरुवार लिहितो, आणि बुधवार-गुरुवार शेजारी शेजारी ठेवून बघायचं मला सुचलं नाही. मंगळवारचा तो शांत आकडा म्हणजे बुधवारी अंगणात जळून पडलेलं मशीन होतं. आकडा खोटा नव्हता. लवकर होता.

मी तसाच उठून धायरीला गेलो. हिंमतराव ओसरीवर बसले होते. खोलीला नवा चुना दिला होता आणि आतल्या दाराची चौकट काढून टाकली होती. नुसतं भगदाड होतं. मी सगळं सांगितलं. ते शिव्या देतील, निदान उठून आत जातील असं वाटलं होतं.

"तुमचा काय दोष?" ते म्हणाले. "तुमी आकड्याचं बोलला. चौकट माजी हुती, बायकू माजी हुती. मीच तुमचं ऐकलं."

त्यापेक्षा त्यांनी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

७

ते मशीन तेव्हापासून दुकानात चालू आहे. कोपऱ्यात, पडद्याची बाजू माझ्याकडे. मी ते बंद करत नाही. ललिता विचारते, हे कशाला चालू ठेवता, बिल येतं. मी म्हणतो, चाचणी चालू आहे. सकाळी आल्या आल्या, चपला काढायच्या आधी आकडा बघतो. त्यात दुरुस्ती केलेली नाही, आवाजही बंद केलेला नाही. काकूंसाठी जे करायला हवं होतं ते आता करत बसलोय. बुधवारी आकडा पडतो, बाकी दिवस नीट असतो.

आज सोमवार आहे.

नेमका आज सकाळी गिऱ्हाइकांच्या गर्दीत बघायचा राहिला. जेवणाचा डबा धुऊन आलो आणि बघितला तर खोलीएवढा होता. छत्तीस आणि छत्तीस. मशीनचा पंखा फिरत होता. मी बोट लावलं आणि चटका बसला, चांगला फोडच आला.

उद्या मंगळवार. उद्या वीज जाणार नाही, दोन फोन करून खात्री केली. दुकानातली मशीन एरवी एकदाच अशी बंद राहिली होती, वडील गेले तेव्हा, सुतकात. घरी आई आहे, ब्याऐंशी वर्षांची. ललिता आहे. आणि मी आहे.

ललिताला फोन लावला.

"काय हो, या वेळी?"

"काही नाही. बरी आहेस ना? आई काय करतेय?"

"झोपल्यात. तुम्हाला काय झालंय? आवाज असा काय? आणि येताना कोथिंबीर आणा, कालची सगळी सडकी निघाली."

मग मी हिंमतरावांना फोन केला. दुसऱ्या कुणाला सांगणार होतो? म्हटलं, काका, आकडा उतरलाय, आणि उद्या गुरुवार नाही. माझ्या मनात आलं, हा माणूस आता म्हणेल, निवांत राहा इंजिनियर. म्हणायचा हक्क होता त्याचा.

"मंग दुकानात काय करताय?" ते ओरडले. "घरी जावा की! आत्ता जावा!"

फोन ठेवल्यावर मला ते सुचलं. आकडा फक्त एवढंच म्हणतोय की उद्या मशीन बंद असेल. मग ते मीच बंद करतो. मी दुकान बंद ठेवतो, घरी दोघींजवळ बसतो, आकडाही खरा होईल आणि कुणाला काही व्हायचं नाही. तर्कात खोट नव्हती. हेच मनात आलं आणि बटणाकडे नेलेला हात मी मागे घेतला, कारण सोमवारच्या दुपारी बिनखोट तर्क मी आधीही केला होता.

तरी बटण दाबलं. पंखा थांबला. धातू टिकटिकायला लागला. मी शटर ओढलं, फळा पुसला आणि सवयीने लिहिलं, 'मंगळवारी दुकान बंद राहील. कारण,'

खडू हातात धरून मी तिथे उभा राहिलो. गिरणीवाला बाहेर येऊन बघत होता. पुढे काय लिहायचं ते मला माहीत नव्हतं. मी तेवढी जागा मोकळी सोडली, आणि कोथिंबीर न घेताच घराकडे निघालो.